प्राथमिक शाळेतील यंत्र-मंडळ

'यंत्रमानव' हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर माणसाच्या आकाराचा, कपाळावर दिवे लुकलुकणारा आणि घोगऱ्या आवाजात बोलणारा एक लोखंडी पुतळा उभा राहतो. मुलांच्या चित्रपुस्तकांनी आणि चित्रपटांनी तो सर्वांच्या परिचयाचा करून ठेवला आहे. त्यामुळे एखाद्या प्राथमिक शाळेत यंत्रविद्येचे आणि यंत्रमानवांचे मंडळ काढावयाचे आहे असे कोणी सुचविले, तर पालकांना ते फार खर्चाचे वाटते, शिक्षकांना आपल्या आवाक्याबाहेरचे वाटते, आणि मुख्याध्यापकांना ते मोठी फी घेणाऱ्या शहरी शाळांचे काम वाटते. या तिन्ही समजुती निराधार आहेत. आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी असे मंडळ साध्या शाळेत, थोड्या साहित्यानिशी आणि यंत्रशास्त्राची पदवी नसलेल्या शिक्षकालाही चालविता येते. मात्र ते कशासाठी चालवावयाचे आणि कोणत्या क्रमाने, याची कल्पना आधी स्वच्छ असली पाहिजे. ती नसली तर दोन महिन्यांत उत्साह मावळतो आणि विकत आणलेला संच कपाटात धूळ खात पडतो.

वेठबिगारापासून यंत्रापर्यंत

प्रथम शब्दाकडे पाहू. 'रोबॉट' हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या एका नाटकातून जगभर पसरला. १९२१ साली ते नाटक प्राग शहरी रंगभूमीवर आले. हा शब्द चापेक यांना त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी सुचविला होता. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराकडे कुळांना सक्तीने करावे लागणारे काम. मराठीत त्याला 'वेठ' याहून नेमका प्रतिशब्द सापडणार नाही. गंमत अशी की, त्या नाटकातील रोबॉट लोखंडाचे नव्हतेच. ते कारखान्यात घडविलेले, रक्तामांसाच्या माणसांसारखे दिसणारे वेठबिगार होते. पुढे अर्थ पालटला आणि तो शब्द यंत्रांना चिकटला.

आज या शब्दाचा शास्त्रीय अर्थ समजून घ्यावयाचा तर आपल्याकडील एक जुनी विभागणी फार उपयोगी पडते. ज्ञानेंद्रिये, बुद्धी आणि कर्मेंद्रिये ही ती विभागणी होय. ज्या यंत्राला भोवतालची स्थिती जाणण्याचे साधन आहे, त्या स्थितीवरून काय करावयाचे हे ठरविण्याची योजना ज्याच्यात आहे, आणि ठरल्याप्रमाणे हालचाल करणारे अवयव ज्याला आहेत, ते यंत्र या कुळातले. त्याला माणसाचा चेहरा असण्याचे मुळीच कारण नाही. गच्चीवरील पाण्याची टाकी भरताच आपोआप बंद होणारा पंप हा यंत्रमानवाचा दूरचा भाऊ आहे. उलट, चावी दिलेली खेळण्यातली मोटार कितीही झोकदार धावली तरी ती या कुळातली नाही. भिंतीवर आपटल्यावरही तिची चाके फिरतच राहतात, कारण समोर भिंत आहे हे तिला कळत नाही. मुलांना हा फरक एकदा उमगला म्हणजे यंत्रमानवाभोवतीचे गूढ वलय गळून पडते. मग ती घरात, रस्त्यात, बाजारात अशी 'जाणती' यंत्रे शोधू लागतात.

असे जाणते यंत्र किती साधे असू शकते, याचे एक उदाहरण इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरी घडले. मेंदूच्या विद्युत्-लहरींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ विल्यम ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ च्या सुमारास तीन चाकांची दोन यांत्रिक कासवे बनविली आणि त्यांना एल्मर व एल्सी अशी नावे दिली. प्रत्येक कासवात दोन व्हॉल्व्ह, प्रकाश ओळखणारा एक डोळा, धक्का लागल्याचे कळविणारी एक कळ आणि दोन मोटारी एवढाच संसार होता. तेवढ्यावर ती कासवे मंद उजेडाकडे सरकत, अडथळ्याला अडली की बाजूने वाट काढीत, आणि बॅटरी उतरू लागली की दिवा लावलेल्या आपल्या खुराड्याकडे परतत. थोड्या अवयवांची नेमकी जुळणी केली तर केवढे गुंतागुंतीचे वर्तन दिसू शकते, हे त्या कासवांनी दाखवून दिले.

कासव आणि भूमितीचा धडा

शिक्षणात यंत्राचा शिरकाव झाला तोही एका कासवाच्या पाठीवर बसूनच. सीमोर पॅपर्ट हे १९२८ साली दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले गणितज्ञ. बालकांची बुद्धी कशी वाढते याचा शोध घेणारे स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे यांच्यासमवेत त्यांनी जिनीव्हा येथे काही वर्षे काम केले आणि पुढे ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत गेले. १९६७ साली वॉलेस फॉयर्झाइग, सिंथिया सॉलोमन आदी सहकाऱ्यांसह त्यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकाची भाषा तयार केली. लवकरच तिला एका यांत्रिक कासवाची जोड मिळाली. जमिनीवर कागद पसरावयाचा, कासवाला लेखणी बांधावयाची, आणि 'इतके पुढे जा', 'इतक्या अंशांनी उजवीकडे वळ' अशा आज्ञा द्यावयाच्या. की कासव त्या आज्ञांचे चित्र काढून दाखवी.

यात विशेष काय, असे वाटेल. समजा, चौथीतल्या एका मुलीला कासवाकडून समभुज त्रिकोण काढून घ्यावयाचा आहे. त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो हे तिने पाठ केलेले आहे. म्हणून ती 'शंभर पावले पुढे जा, ६० अंश वळ' ही आज्ञा तीन वेळा देते. कागदावर त्रिकोण न उमटता अर्धा षट्कोन उमटतो. आता गुरुजींनी लाल शाईची फुली मारण्याची गरजच उरत नाही. मुलगी स्वतः उठते, कासव होऊन जमिनीवर चालू लागते, आणि तिच्या ध्यानात येते की पुन्हा मूळ दिशेला तोंड येईपर्यंत आपण एक पूर्ण गिरकी घेतो. पूर्ण गिरकी ३६० अंशांची, वळणे तीन, म्हणून प्रत्येक वळण १२० अंशांचे. कोन आतला मोजावयाचा की बाहेरचा, हा भेद तिला तिच्या पायांनी शिकविला. तो ती विसरणार नाही.

पॅपर्ट यांच्या विचाराचे सार या लहानशा प्रसंगात आहे. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथात त्यांनी ते विस्ताराने मांडले. मूल जेव्हा हातांनी काही घडविते आणि ती वस्तू इतरांना दाखविते, तेव्हा डोक्यातले ज्ञानही घडत जाते. चूक ही त्या घडणीतली नित्याची पायरी ठरते. ती शोधावयाची, समजून घ्यावयाची आणि दुरुस्त करावयाची असते. यंत्र-मंडळाचा हेतू कोणता, या प्रश्नाचे उत्तरही येथेच मिळते. लहान वयात अभियंते तयार करणे हा तो हेतू नसून, चुकीला न घाबरणारी आणि कारण शोधणारी मुले तयार करणे हा आहे.

धाकट्यांसाठीच का?

भारतात या दिशेने सरकारी प्रयत्न झालेले आहेत. नीती आयोगाने २०१६ साली अटल नवोन्मेष अभियानाखाली शाळांतून 'टिंकरिंग' प्रयोगशाळा काढण्यास आरंभ केला. निवडलेल्या शाळेला त्यासाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. परंतु ही योजना सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. गोवा सरकारनेही २०२१ साली शाळांतून संगणकीय आज्ञालेखन व यंत्रमानवविद्या शिकविण्याची योजना सुरू केली. तिचाही रोख सहावी ते आठवीच्या वर्गांवर आहे. म्हणजे पाचवीपर्यंतची मुले या व्यवस्थेच्या उंबरठ्याबाहेरच राहतात.

वस्तुतः याच वयात मुलांचे हात सर्वांत अधिक शिवशिवत असतात. आठ वर्षांचा मुलगा घड्याळ उघडून पाहतो. तेरा वर्षांचा मुलगा आपण हसण्याचा विषय होऊ काय, या भीतीने पुष्कळदा हात आखडता घेतो. 'यंत्रे हे आपले काम नव्हे' हा न्यूनगंड मुलींच्या मनात आणि गरीब घरातल्या मुलांच्या मनात माध्यमिक शाळेत येण्यापूर्वीच मूळ धरू लागतो. तो उपटून काढण्यापेक्षा रुजू न देणे सोपे. धाकट्या मुलांसाठी मंडळ काढण्याचे हे सर्वांत मोठे कारण होय. येथे चूक झाली तर नुकसान एखाद्या खेळण्याचे होत नाही. आपल्या हातांवरचा एका मुलाचा विश्वास कायमचा जाऊ शकतो.

मंडळाची बांधणी

आरंभी तिसरी ते पाचवीतील बारा किंवा पंधरा मुले पुरेत. त्यांचे तिघातिघांचे गट करावेत. दोघांत एक सांगतो व दुसरा ऐकतो. चौघांत एक जण हमखास नुसता बघत बसतो. तिघांत प्रत्येकाच्या हाताला काम राहते. सभासद निवडताना परीक्षेतील गुण पाहू नयेत. इच्छुक अधिक असतील तर सरळ चिठ्ठ्या टाकाव्यात, आणि निम्म्या जागा मुलींच्या ठेवाव्यात. आठवड्यातून एक दिवस, दीड तास, ही वेळ योग्य. पहिली दहा-पंधरा मिनिटे काय करावयाचे ते दाखविण्यात, मधला तास करण्यात, आणि शेवटची पंधरा मिनिटे आवरण्यात व प्रत्येक गटाने काय केले ते सांगण्यात घालवावीत. आवरणे हाही शिक्षणाचा भाग आहे. ज्या कारागिराची हत्यारे जागच्या जागी नसतात त्याचे काम कधी वेळेवर होत नाही.

शिक्षकाजवळ आणखी एक प्रौढ व्यक्ती असावी. ती अभियंताच असली पाहिजे असे नाही. सायकल-दुरुस्ती करणारा, वीजजोडणी करणारा, शिलाईयंत्र नीट करणारा, गिरणीतून किंवा रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला कारागीर, यांपैकी कोणीही चालेल. अशी माणसे गावोगावी आहेत. शाळेने त्यांना आजवर कधी बोलावले नाही, एवढेच.

हत्यारे थोडी पण चांगली घ्यावीत: दोन-तीन पेचकस, एक पक्कड, एक लहान हातोडी, बोथट टोकाच्या कात्र्या, पट्टी, आणि तारेवरील आवरण काढावयाची चिमटी. बाकीचे साहित्य घराघरांतून जमते. पुठ्ठ्याची खोकी, बाटल्यांची बुचे, रिकाम्या रिफिली, खराट्याचे हीर, सुतळी, जुनी वर्तमानपत्रे, सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि कणकेची खळ एवढ्यावर पहिले सहा महिने सहज निघतात.

सुरक्षिततेचे काही नियम मात्र पहिल्याच दिवशी भिंतीवर लावावेत आणि त्यांना अपवाद करू नये. भिंतीतल्या विजेला हात लावावयाचा नाही. मंडळातले सर्व प्रयोग दीड व्होल्टच्या साध्या सेलांवर करावयाचे. सेलाची दोन टोके नुसत्या तारेने जोडावयाची नाहीत, कारण तार तापून चटका बसतो. भ्रमणध्वनीतून काढलेल्या जुन्या बॅटऱ्या वर्गात आणावयाच्या नाहीत. त्या चेपल्या किंवा टोचल्या गेल्या तर पेट घेऊ शकतात. बटनासारखे चपटे सेल धाकट्यांच्या हाती देऊ नयेत. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला थोड्या तासांतच गंभीर जखम होते. धारदार सुरी आणि तापलेला डिंक ही मोठ्या माणसांची कामे. तार तोडताना व ठोकाठोकी करताना डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे.

वर्षाचा अभ्यासक्रम

वर्षाचे चार भाग करावेत आणि पहिल्या दोन भागांत विजेचे नावही काढू नये. पुष्कळ मंडळे पहिल्याच दिवशी मोटारी व तारा मुलांपुढे ठेवतात आणि फसतात. सांगाडा उभा न राहणारी गाडी मोटार लावून धावत नाही.

पहिला भाग रचनेचा. वर्तमानपत्राची पाने गुंडाळून नळ्या कराव्यात आणि त्यांचा चौकोन बांधावा. बोटाने ढकलताच तो कलंडून पतंगासारखा होतो. त्याच नळ्यांचा त्रिकोण बांधला की तो हलत नाही. चौकोनात एक कर्ण बसविला म्हणजे तोही ताठ उभा राहतो, कारण आता त्याचे दोन त्रिकोण झालेले असतात. मग मुलांना गावातला रेल्वेचा लोखंडी पूल, विजेच्या तारांचे मनोरे, छपराच्या कैच्या पाहावयास सांगावे. सगळीकडे त्रिकोण का, याचे उत्तर त्यांना पुस्तकाआधी मिळालेले असते. दोन बाकांच्या मध्ये कागदी पूल बांधून त्यावर एकेक वही ठेवीत जाणे आणि तो कोठे मोडतो ते पाहणे, हा या भागाचा उत्तम शेवट होय.

दुसरा भाग गतीचा. तरफ, कप्पी, उतरण, चाक व आस आणि दंतचक्र हे या भागाचे पाठ होत. बुचांची चाके आणि हिराचा आस घेऊन गाडी करताना मुलांना पहिली अडचण येते ती घर्षणाची. आस पुठ्ठ्यात घट्ट बसला तर चाक फिरत नाही. रिकाम्या रिफिलीचा तुकडा नळीसारखा बसवून त्यातून आस फिरू दिला की गाडी धावते. 'बेअरिंग' म्हणजे काय हे त्या तुकड्याने शिकविले. दंतचक्रांसाठी सायकल पुरेशी आहे. दहा दात्यांचे चक्र चाळीस दात्यांच्या चक्राला फिरवू लागले तर मोठे चक्र एक-चतुर्थांश वेगाने फिरते. पण घर्षण वगळता त्याचे पिळाचे बळ चौपट होते. वेग सोडला की बळ मिळते आणि बळ सोडले की वेग मिळतो. दोन्ही एकदम मिळत नाहीत. हा यंत्रविद्येतील सर्वांत जुना आणि सर्वांत प्रामाणिक व्यवहार मुलांनी दात मोजून स्वतः पडताळून पाहावा.

तिसरा भाग विजेचा. एक सेल, एक लहान दिवा व दोन तारा यांपासून आरंभ करावा. जाण्याची आणि येण्याची वाट अखंड असल्याखेरीज दिवा लागत नाही, हे मुलांनी स्वतः शोधू द्यावे. नंतर लाल एल. ई. डी. दिवा द्यावा. तो एका सेलावर लागत नाही. उलट-सुलट करून पाहिला तरी लागत नाही. कारण त्याला पेटण्यास सुमारे दोन व्होल्ट लागतात आणि सेल दीड व्होल्टचा असतो. दोन सेल एकामागोमाग जोडून, मध्ये शंभर-दीडशे ओहमांचा रोध घातला आणि पुन्हा उलट-सुलट करून पाहिले, की एका बाजूने तो पेटतो. 'लागत नाही' या घटनेची दोन निरनिराळी कारणे असू शकतात, हा या प्रयोगाचा खरा धडा. यानंतर लहान मोटार घ्यावी. तिच्या दांड्यावर बुचाचा तुकडा मुद्दाम एका बाजूला अधिक येईल असा बसवून ती जुन्या दात घासण्याच्या ब्रशाच्या डोक्यावर बांधली, तर वजनाच्या असमतोलामुळे ब्रश थरथरत पुढे सरकू लागतो. सर्व मुलांना हे खेळणे अत्यंत प्रिय असते.

चौथा भाग आज्ञांचा, आणि त्याचा आरंभ संगणकाशिवाय करावयाचा. अंगणात खडूने चौकटी आखाव्यात. एका मुलाने यंत्र व्हावे, दुसऱ्याने आज्ञा द्याव्यात, तिसऱ्याने त्या वहीत लिहाव्यात. यंत्र झालेल्या मुलाने सांगितले तेवढेच करावयाचे. स्वतःची अक्कल चालवावयाची नाही. 'पुढे पाच पावले' अशी आज्ञा मिळाली आणि तिसऱ्याच पावलाला बाक आडवा आला, की हशा पिकतो. मग आज्ञा देणाराच सुचवितो: 'अडथळा लागेपर्यंत पुढे जा, लागला तर उजवीकडे वळ.' अट आणि पुनरावृत्ती या आज्ञालेखनाच्या दोन प्रमुख कल्पना अशा रीतीने खेळातच हस्तगत होतात.

त्यानंतर नियंत्रकाची, म्हणजे हातावर मावणाऱ्या लहानशा संगणकाची, ओळख करून द्यावी. ब्रिटनच्या बी. बी. सी. या नभोवाणी-संस्थेने पुढाकार घेऊन २०१६ साली 'मायक्रोबिट' नावाची अशी पट्टी तेथील सुमारे दहा लाख शाळकरी मुलांना विनामूल्य वाटली. तिच्यावर पंचवीस लहान दिवे, दोन कळा, आणि हालचाल व दिशा ओळखणारे संवेदक असतात. चित्रखंड एकमेकांत अडकवून आज्ञा रचण्याची पद्धत मॅसॅच्युसेट्स येथील संस्थेने २००७ साली 'स्क्रॅच' या भाषेने लोकप्रिय केली. तशाच पद्धतीने ही पट्टीही चालविता येते. शाळेत एक संगणक आणि दोन-तीन पट्ट्या असल्या तरी पुरे. पहिला प्रकल्प म्हणून दोन खिळे कुंडीतल्या मातीत रोवावेत. ओल्या मातीतून वीज सहज वाहते, सुकलेल्या मातीतून वाहत नाही. तो फरक नियंत्रकाने ओळखून माती सुकताच दिवा लावावयाचा. येथे जाणणे, ठरविणे आणि करणे ही तिन्ही अंगे एकत्र येतात, आणि वर्षाच्या आरंभी केलेली व्याख्या मुलांच्या हातांत मूर्त होते.

जपावयाच्या गोष्टी

मंडळाला दोन धोके संभवतात. पहिला गटातल्या कामांच्या वाटणीचा. कोणी पाहत नसेल तर पेचकस मुलाच्या हाती जातो आणि वही मुलीच्या हाती. तो जोडतो, ती रंगविते. हे कोणी दुष्टपणाने करीत नाही. घरी पाहिलेले शाळेत उमटते इतकेच. म्हणून आखणारा, जोडणारा आणि नोंद ठेवणारा या तिन्ही भूमिका दर आठवड्याला सक्तीने पालटाव्यात. नोंदवहीत काय झाले यापेक्षा काय झाले नाही आणि का, हे लिहावयास लावावे. शिक्षकाने मुलाच्या हातातून वस्तू घेऊन नीट करून देण्याचा मोह आवरावा. दोन हात पाठीमागे बांधून उभा राहणारा शिक्षक हा अशा मंडळात सर्वांत उपयुक्त शिक्षक होय.

दुसरा धोका विकत घेतलेल्या संचाचा आणि स्पर्धेचा. डेन्मार्कमधील लेगो कंपनीने १९९८ साली पॅपर्ट यांच्या ग्रंथाचेच नाव देऊन 'माइंडस्टॉर्म्स' हा यंत्रमानव-संच काढला. त्याच वर्षी अमेरिकेतील संशोधक डीन केमेन यांनी १९८९ साली स्थापिलेल्या 'फर्स्ट' या संस्थेने लेगोच्या साह्याने मुलांच्या स्पर्धा सुरू केल्या. त्या स्पर्धांतून यंत्राइतकेच सहकार्याला आणि प्रतिस्पर्ध्यांशी असलेल्या सौजन्याला गुण असतात, ही त्यांची मोठी चांगली बाजू. परंतु माइंडस्टॉर्म्सचा संच कंपनीने २०२२ अखेर बंद केला. ज्या मंडळांचे सारे शिक्षण त्या एका खोक्यावर उभे होते त्यांची पंचाईत झाली. ज्यांनी त्यामागची तत्त्वे शिकविली होती त्यांचे काही अडले नाही. संच घेण्यास हरकत नाही, पण तो शेवटी घ्यावा. आणि पहिल्या वर्षी स्पर्धेत न उतरता शाळेत प्रदर्शन भरवावे; तेथे प्रत्येक मूल आपली वस्तू आपल्या तोंडाने आजी-आजोबांना समजावून सांगेल.

थोड्या खर्चात मोठे शिक्षण देण्याची परंपरा आपल्याकडे आहे. ताराबाई मोडक यांनी बोर्डी व कोसबाड येथे बालवाड्या चालविताना परदेशी महाग साधनांच्या जागी परिसरातल्या वस्तू आणल्या. कानपूरच्या आय. आय. टी. मधून अभियंता होऊन बाहेर पडलेल्या अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी यांपासून भूमितीच्या आकृत्या करून दाखविल्या, टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी बनविली, आणि पुण्यातील आयुका संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात अनेक वर्षे मुलांबरोबर काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ गावी विज्ञान आश्रम काढून हाताने काम करता करता विज्ञान शिकण्याचा पाठ घालून दिला.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांना तर घरचाच वारसा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा उगम बेळगावातील सायकलच्या दुकानात झाला. त्याच बेळगावच्या उद्यमबागेत आज ओतशाळा व यंत्रशाळा आहेत, आणि मुलांची एक सहल तेथे सहज जाऊ शकते. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले. धंदेशिक्षण मातृभाषेतून मिळावे असा तिचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता. त्या आग्रहाचे मर्म आजही तेवढेच ताजे आहे. सीमाभागात, गोव्यात, इंदूर-ग्वाल्हेरकडे मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाला पुष्कळदा असे वाटू लागते की, आपली भाषा कवितांची आणि सणावारांची. यंत्रांची भाषा दुसरीच कोणती तरी. तरफ, कप्पी, आस, दंतचक्र, पिळ, उतरण, रोध हे शब्द तोंडी बसलेल्या मुलाला तसे वाटणार नाही. मोटार, सेल, स्क्रू हे शब्दही आता मराठीच आहेत. त्यांचा बाऊ करण्याचे कारण नाही. मुलाने आपल्या आज्ञा प्रथम स्वच्छ मराठीत लिहाव्यात आणि मग त्या यंत्राला समजतील अशा रचाव्यात. ज्याला स्वतःच्या भाषेत नेमके सांगता येते त्याला यंत्राची भाषा अवघड जात नाही.

सारांश, अशा मंडळाला लागणारे भांडवल फारसे पैशाचे नसते. एक रिकामा वर्ग, आठवड्यातील दीड तास, खोकेभर टाकाऊ वस्तू, एक जिज्ञासू शिक्षक आणि गावातील एक कुशल कारागीर एवढे जमले की आरंभ होऊ शकतो. वर्षाच्या अखेरीस कदाचित एकही डौलदार यंत्र उभे राहणार नाही. परंतु दिवा लागला नाही तर रडत न बसता प्रथम सेल तपासावा, मग तार, मग जोडणी, अशा क्रमाने कारण शोधणारी पंधरा मुले शाळेत असतील. पुढे ती शेती करोत, दुकान चालवोत वा रुग्णसेवा करोत, ही सवय त्यांना जन्मभर उपयोगी पडेल. आणि यंत्रांचे वेठबिगार न होता त्यांचे धनी होण्याची पात्रता त्यांच्या अंगी येईल.